मावशी आणि तिचं रिंगण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या वेशीवरच्या आमच्या अश्वारोहण केंद्रात येणाऱ्यांपैकी कोणी व्हीलचेअरवर असतं, कोणाला दिसत नाही, कोणी बोलत नाही, कोणाला नुसतं नीट बसणंही अवघड जातं. त्यांचे आईवडील, आजीआजोबा फोनवर आणि रिंगणाच्या कठड्याला टेकून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. घाईत असाल तर "कोणी बसू नये" आणि "उन्हाळा" हे दोन भाग तेवढे वाचा आणि मग निघा.

मावशी म्हणजे नेमकं कोण?

आमची घोडी. वय 17, खांद्यापाशी उंची 56 इंच, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. दिसते पांढरीशुभ्र, पण केस बाजूला सारले की खाली कातडी काळी आहे. अशी शिंगरं जन्मतात गडद रंगाची आणि वयाबरोबर पांढरी होत जातात. आमच्याकडे येण्याआधी ती बरीच वर्षं लग्नाच्या वरातीत होती. मावशी हे नाव मुलांनी ठेवलं. तेव्हापासून "मावशींना द्या जरा, वेळ ठरवायची होती" असे फोन येतात. त्यांची काही चूक नाही. "मावशीला भेटण्याआधी फोन करा" अशी पाटी आम्हीच लावली आहे.

ती एवढी गरीब कशी? गुंगीचं काही देता का?

नाही देत. गुंगीतलं जनावर पाय ओढतं, अडखळतं, आणि आमचं सगळं काम तिच्या एकसारख्या चालीवर आहे.

थोडा स्वभाव, थोडं वय, बाकी सगळं शिकवलेलं. बँड, रोषणाई, अंगावर येणारी गर्दी यांची तिला वरातीत सवय झाली होती. पण वरातीतला घोडा उभा राहतो, तो दर वेळी आपल्या मर्जीनं उभा राहतो असं नाही. तोंडात काटेरी लगाम असेल तर हललं की दुखतं, म्हणून तो हलत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांनी असा लगाम वापरायला बंदी आहे, तरी लग्नसराईत तो दिसतोच. मावशी आली तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत जुने वण होते, आणि कोणी हात वर केला की ती मान झटकन उंच करायची. म्हणून सुरुवातीला तिच्या तोंडात काहीच घातलं नाही. नुसती म्होरकी आणि दोरी. आजही मूल पाठीवर असताना ती म्होरकीवरच चालते.

घोडा विकत घ्यायला निघालेले लोकही आम्हाला सल्ला विचारतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. शांत घोडा आणि मिटून गेलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. मिटलेल्या घोड्यासमोर छत्री उघडा, भांडं आपटा, त्याचे कानसुद्धा हलत नाहीत. लोक म्हणतात, काय गुणी जनावर आहे! पण तो आतून ताणलेला असतो, आणि एखाद्या दिवशी काही इशारा न देता उसळतो. मावशी बघते. पहिली व्हीलचेअर रॅम्पवरून खडखडत आली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली, फुरफुरली, मान लांब करून चाकाचा वास घेतला आणि मग रिकामंच तोंड चघळायला लागली. घोडा असा चघळू लागला की बहुतेक वेळा ताण उतरलेला असतो. हे सगळं तिनं करावं अशीच आमची इच्छा असते. कुबडी पडल्याचा आवाज, फुगे, अचानक किंचाळणं, एका अंगाला कलंडून बसलेला स्वार, असे सगळे प्रकार आधी आम्ही मोठी माणसं करून बघतो. मुलांची पाळी त्यानंतर.

घोड्यावर बसून अंगाला होतं काय?

बघणाऱ्याला वाटतं मूल नुसतं बसलं आहे. खरं तर ते काम करत असतं.

घोड्याचे मागचे पाय आळीपाळीनं पडतात तशी त्याची पाठ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे खालीवर होते. त्यामुळे बसणाऱ्याची कंबर पुढेमागे हलते, बाजूंना हलते आणि थोडी वळतेही. आपण चालतो तेव्हा आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या शरीराला हा ठेका दुसरीकडे सहसा मिळत नाही. घोड्याची चाल मिनिटाला साधारण 100 पावलांची. म्हणजे 20 मिनिटांत मूल दोनेक हजार वेळा तोल सावरतं, आणि "पाठ ताठ कर" असं त्याला एकदाही सांगावं लागत नाही. घरी दिवसभर हेच वाक्य ऐकणाऱ्या मुलाला याचं किती अप्रूप असेल, बघा.

शिवाय ऊब. आपल्या अंगाचं तापमान 37 अंशांच्या आसपास, घोड्याचं 37.5 ते 38.5. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही त्या अवस्थेत, मांड्यांचे स्नायू आखडून पाय एकमेकांवर येतात. रुंद, कोमट पाठीवर पाय दोन्हीकडे सोडून बसलं की ते हळूहळू सैल होतात. म्हणून पुष्कळदा आम्ही खोगीर घालतच नाही. जाड गादी आणि धरायला मूठ असलेला पट्टा, एवढंच.

पुढचं सगळं आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई चालीतून काढतात. पाऊल लांब टाकायला लावायचं, मध्येच थांबवायचं, पुन्हा निघायचं, आठच्या आकड्यात वळवायचं, वाळूवरून कडक मातीवर न्यायचं. दर वेळी मुलाच्या पाठीला वेगळं काम पडतं. कधी त्या मुलाला शेपटीकडे तोंड करून बसवतात. मग त्याला मावशीच्या पुठ्ठ्यावर हात टेकावे लागतात, आणि ज्या हातांची मूठ उघडत नाही ते तळवे पसरून भार घेतात. कठड्यावरच्या आजींना हे पटत नाही. "अहो, पोराला उलटा काहून बसवला?" हा प्रश्न इतका वेळा आला आहे की उत्तर आता मुलंच देतात.

मग आमचा मुलगा चालायला लागेल का?

असं छातीठोक सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं बसणं, मान आणि धड सावरणं यात सुधारणा दिसते, यावर बरेच अभ्यास झाले आहेत, पण त्यातले पुष्कळ लहान गटांवरचे आहेत. ऑटिझमबद्दल 2015 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास आम्हाला भरवशाचा वाटतो. 6 ते 16 वयाची 127 मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली होती. एक गट 10 आठवडे घोड्यावर बसला. दुसऱ्याला तिथेच घोड्यांविषयी सगळं शिकवलं, पण खरा घोडा दिला नाही. बसणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला, शब्दही वाढले. बरं झालं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, आम्हीही म्हणत नाही.

आणि कृपा करून मेडिकल कॉलेजमधली किंवा एम्समधली थेरपी बंद करून इथे येऊ नका. ती चालू ठेवून या.

कोणी बसू नये?

फिट येणं औषधानं आटोक्यात नसेल तर नाही. कंबरेचा सांधा निखळलेला किंवा निखळण्याच्या बेतात असेल, मणक्याचा बाक फार असेल, हाडं ठिसूळ असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, बैठकीच्या जागी जखम असेल, तर नाही. घोड्याच्या केसांनी दम लागत असेल तरी नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके कधीकधी सैल असतात. घोड्याच्या चालीचा धक्का मज्जारज्जूला लागू शकतो, म्हणून मानेचा एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी याशिवाय आम्ही त्यांना बसवत नाही, ओळख कितीही असो. चार वर्षांखालच्यांनाही नाही, कारण हेल्मेटचं वजन एवढ्याशा मानेला पेलत नाही.

बसता येत नाही म्हणजे येताच येत नाही असं नाही. खरारा करणं, दोरी धरून चालवणं, चारा मोजणं हेही वर्गच आहेत. काही मुलांना तेच जास्त आवडतं.

पहिल्या दिवशी काय होतं?

बहुतेक जण बसत नाहीत. आधी कागद, मग ताईंची तपासणी, मग भेट.

भेट म्हणजे खरारा. मुलाच्या तळहाताला पट्टा असलेला रबरी ब्रश बांधतो, म्हणजे बोटं मिटलेली असली तरी चालतं. हात मावशीच्या खांद्यावर ठेवायचा आणि गोल गोल फिरवायचा. पहिल्यांदा धूळ उडते. मग पांढरे केस सुटून मुलाच्या बाहीला चिकटतात. मावशीला मानेच्या मुळाशी एक जागा आहे, ब्रश तिथे पोचला की तिचा वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, आणि मान वाकडी करून ती एक डोळा अर्धा मिटते. हे पाहून हसलं नाही असं मूल विरळा. मग मूल ती जागा पुन्हा शोधतं. हात डोक्याच्या वर नेत नव्हता असा मुलगा ती जागा शोधायला हात वर नेतो. ताई वहीत काहीतरी लिहून घेतात, त्याला कळतसुद्धा नाही.

व्हीलचेअरवरून घोड्यावर कसं चढवता?

रॅम्पनं ओट्यावर. ओट्याची उंची मावशीच्या पाठीपेक्षा थोडी कमी आहे, त्यामुळे उचलावं कमी लागतं आणि सरकवावं जास्त. मावशी ओट्याला चिकटून उभी राहते आणि पलीकडच्या अंगाला एक माणूस तयार असतो. सगळ्या वर्गात जोखमीची जागा हीच, म्हणून इथे कोणी बोलत नाही, फोटो काढत नाही, "जय बजरंग" म्हणून जोर लावत नाही. चढवणं पालकांनी करायचं नाही. रागावू नका, पण मूल आईच्या कडेवरून जात असलं की अंग आवळून धरतं.

एका मुलामागे माणसं किती?

तीन, आणि ताई वेगळ्या. एक जण मावशीच्या मानेजवळून दोरी धरून चालतो. दोघं दोन बाजूंनी, हात मुलाच्या मांडीवरून आडवा. हात भरून आले तर आधी घोडी थांबवायची, मग एकेकानं बाजू बदलायची. ती बुटकी आहे हे इथे कामी येतं. उंच शर्यतीच्या घोड्यावरच्या मुलाच्या कंबरेपर्यंत बाजूवाल्याचा हातच पोचणार नाही.

पडलं तर?

हेल्मेट सगळ्यांना, प्रत्येक वेळी. मुलाला घोड्याला बांधणं कधीच नाही. पालक अधूनमधून ओढणीनं बांधायचं सुचवतात. पण घोडा बिचकला तर सुटं मूल बाजूवाल्यांच्या हातात येतं, बांधलेलं मूल घोड्याबरोबर जातं. खोगीर घातलंच तर रिकिबी पुढून बंद असलेल्या, म्हणजे पाऊल आरपार जाऊन अडकत नाही. "उतरवा" असं ओरडलं की काही सेकंदांत मूल खाली घेण्याचा सराव आम्ही दर आठवड्याला गव्हाच्या पोत्यावर करतो. तरीही घोडा हे जनावर आहे आणि धोका शून्य नाही. पहिल्या दिवशीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा.

वजनाची अट काहून?

घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाहू नये, असा साधारण हिशेब आहे. साडेतीनशे किलोचा पाचवा हिस्सा 70. त्यातून गादी, पट्टा वजा करा. शिवाय तोल न सांभाळता येणारा माणूस काट्यावर भरतो त्यापेक्षा पाठीला जड पडतो. म्हणून मावशीवर 45 किलोपर्यंतच. मोठ्या माणसांसाठी जमिनीवरचे वर्ग आहेत.

आमची मुलगी बोलत नाही. घोडीला कसं कळणार?

घोडे एकमेकांशी तोंडानं फारसं बोलतच नाहीत. कान, मान, अंगाचा कल यांवरच त्यांचं चालतं. त्यामुळे बोलता न येणं इथे फारसं आड येत नाही.

मावशीला निघायची खूण वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळी शिकवली आहे. मानेवर दोनदा थाप, चित्राचं कार्ड वर करणं, किंवा खोल श्वास घेऊन अंग थोडं पुढे झुकवणं. अट एकच: खूण मुलानंच द्यायची. बाजूवाल्यांनी घाई करायची नाही. कधीकधी सगळे जण रिंगणाच्या मधोमध दोन-तीन मिनिटं नुसते उभे असतात आणि कठड्यावरच्या बाबांना वाटतं वेळ फुकट चालला. तसं नाही. आपण काहीतरी केलं म्हणून साडेतीनशे किलोचं जनावर हललं, हे मुलाला तेवढ्या वेळात उमजत असतं.

दिसत नसेल तर?

अवश्य या. रिंगणाच्या चार कोपऱ्यांत वेगवेगळ्या आवाजाच्या घंटा आहेत, वळण आवाजावर घ्यायचं. 

उन्हाळ्यात चालू असतं का?

नागपूरचा उन्हाळा नागपूरकरांना काय सांगायचा! मार्चच्या मध्यापासून वर्ग पहाटे. साडेआठला मावशी परत सावलीत. मे महिन्यात वर्ग बंद, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस, संपला तरी पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत उघडत नाही. दर वर्षी कोणीतरी म्हणतं, आम्ही मुलाला टोपी घालून आणू. टोपी मुलाला मिळेल, घोडीचं काय?

घोडा आपल्यासारखाच घामानं गार होतो, पण त्याच्या घामात मीठ फार. नुसतं पाणी पाजून ते भरून निघत नाही, म्हणून गव्हाणीत मिठाचा खडा कायम असतो. एरवी ती दिवसाला 25 ते 30 लिटर पिते, एप्रिलमध्ये त्याच्या दुपटीकडे जाते. अंगावर पाणी ओतलं की ते लगेच निपटून काढायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा निपटायचं.  तबेल्याच्या पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी आणि मागे मोठा कूलर आहे. वाळा भिजला की मावशी ताटीला नाक लावून उभी राहते. ताटी ती कुरतडतेही, त्यामुळे आतून जाळी लावावी लागली.

मुलांचंही बघा. काही जणांना घाम नीट येत नाही, काहींच्या औषधांनी अंग तापतं. ऊन सोसत नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, आमच्याकडे थंडी झकास असते.

पावसाळ्यात?

रिंगणावर पत्रा आहे. पण पत्र्यावर जोराचा पाऊस वाजू लागला की खूण ऐकू येत नाही, तेव्हा थांबतो. या दिवसांत माश्यांनी सर्रा हा घोड्यांचा रक्तातला आजार पसरतो आणि ओल्या जमिनीनं खूर सडतात, त्यामुळे रोज चारही खूर उचलून साफ करणं हे मुलांच्या वर्गातलंच एक काम होऊन जातं. मेसेज पाहूनच निघा.

खाऊ काय आणावा?

गाजर, लांब उभे काप करून. गोल चकत्या घशात अडकतात. संत्र्याची एखादी फोड चालते, आणि नागपूरची घोडी म्हटल्यावर ती तिला आवडतेच.

पोळी नको. गाईला पोळी घालायची आपल्याला सवय आहे, आणि लोक श्रद्धेनं शिळ्या पोळ्यांची पिशवी घेऊन येतात. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, ती रवंथ करते. घोड्याचं पोट एकच, आणि तेही लहान. त्याला उलटी करताच येत नाही. चुकीचं गेलं ते आतच राहतं आणि पोटशूळ उठतो, त्यात घोडा दगावूही शकतो. म्हणून तिला दिवसभर थोडं थोडं, मुख्यतः वाळलेलं गवत आणि कडबा, थोडी लसूणघास, मूठभर भिजवलेला हरभरा. कुटार आम्ही देत नाही, त्यात धूळ फार. शेवचिवडा, समोसा, तर्री-पोहे यांचे प्रयोग झाले आहेत. पुन्हा नकोत.

लाथ मारते का? चावते का?

मुलांना आजवर नाही. पण शक्य आहे. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. मागून गुपचूप आलेलं काहीही त्याच्या लेखी वाघ. म्हणून खांद्याकडून या, बोलत या. कान मागे चपटे झाले तर थांबा. नालबंद येतो त्या दिवशी ती थोडी कुरबुरते, तेव्हा लांबच रहा.

एवढ्या मुलांना घेऊन फिरते, तिला त्रास नाही का होत?

होतो. आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, आणि तो बहुतेकदा मुलंच विचारतात.

नुसत्या चालीनं तिचं अंग दमत नाही, वरातीत ती याहून जास्त उभी राहायची. दमवतं ते वेगळंच. दोन्ही बाजूंना माणसं चिकटून चालणं हे पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला मुळात रुचणारं नाही. वर कलंडलेलं वजन असतं, त्याला सावरायला ती स्वतः उलट बाजूला अंग धरते. आखडलेल्या पायांची टाच बरगडीत रुतते, आणि साध्या घोड्यासाठी टाच म्हणजे "पळ". मावशीला ती खूण नाही, ती चूक आहे, हे प्रत्येक मुलागणिक ओळखावं लागतं. हे डोक्याचं काम आहे, आणि डोकं दमतं.

म्हणून दिवसाला तीनच वर्ग, मध्ये मोकळा वेळ, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. ओळीनं दोन्ही मुलं डावीकडेच कलंडणारी असतील असं वेळापत्रक लावत नाही. संध्याकाळी पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी बोटं दाबत जातो. कुठे कातडी थरकली तर दुसऱ्या दिवशी कोणी बसत नाही. वर्ग नसतात तेव्हा ती आमच्या तट्टूबरोबर मोकळी चरते, धुळीत लोळते, आणि लोळून उठल्यावर पांढरी अजिबात राहत नाही.

आणि तिचा नकार आम्ही धरतो. तंग आवळताना ती वळून पट्ट्याकडे दात नेऊ लागली, शेपूट फटकारू लागली, ओट्यापाशी यायला पाय अडवू लागली, तर ओढून नेत नाही. वर्ग रद्द होतो. बुटीबोरीहून, कामठीहून रिक्षा करून आलेल्या आईला "आज मावशी नाही म्हणतेय" असं सांगणं सोपं नसतं. त्या दिवशी जमिनीवरचा वर्ग होतो आणि पैसे घेत नाही. एका आईनं यावर वैतागून विचारलं होतं, "घोडीचे एवढे लाड, आणि आमच्या पोरांचं?" तिचा वैताग आम्हाला समजतो. पण ज्या घोड्याचं नाही कोणी ऐकत नाही तो एक दिवस लाथेनं सांगतो, आणि तेव्हा पाठीवर कोणाचं तरी मूल असतं.

तिच्यापासून आजार लागतात का?

ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसाला होणारा गंभीर आजार आहे, त्यासाठी रक्ततपासणी वेळच्या वेळी होते. धनुर्वाताची लस तिलाही, स्वयंसेवकांनाही, आणि तुमच्या मुलालाही असावी. गजकर्ण ब्रशवरून पसरतं, म्हणून मावशीचे ब्रश तट्टूला वापरत नाही. पांढऱ्या घोड्यांना उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येतात, तिलाही दोन आहेत. त्या माणसाला लागत नाहीत. पशुवैद्य त्या मोजून ठेवतात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं का? फी?

प्रमाणपत्र नको, डॉक्टरांची चिठ्ठी हवी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढून ठेवा, इथे नाही तरी शाळेत आणि रेल्वेत लागेल. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, आपला प्रकार त्यात आहे का ते बघा. फी ऐपतीप्रमाणे, ती फोनवर बोलू.

लग्नाला किंवा वाढदिवसाला घोडी मिळेल का?

नाही. तिच्या वाट्याची लग्नं लावून झाली.

दिवाळीत आणि पोळ्याला काय करता?

दिवाळीचे चार दिवस वर्ग बंद. तबेल्यात रेडिओ चालू ठेवतो आणि चारा दुप्पट, कारण चघळणारा घोडा कमी घाबरतो. तान्ह्या पोळ्याला मात्र मुलं लाकडी नंदी घेऊन इथेच जमतात. मावशीला झूल घालतो, पण शिंगं बांधायचा आग्रह धरू नये. हो, धरतात.

यातून पुढे स्पर्धेत जाता येतं का?

पॅरालिंपिकमध्ये अश्वारोहण 1996 पासून आहे. पाच गट असतात, सगळ्यात जास्त मर्यादा असलेल्या पहिल्या गटात घोडा फक्त चालीनं चालवायचा. त्याच्याही आधीचं उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं. 1944 साली त्यांना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी धडधाकट पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक घेतलं, 1956 साली पुन्हा. आमच्याकडे तेवढी सोय नाही. चाल आणि थोडी दुडकी, इथपर्यंत आम्ही पोचवतो.

मदतीला यायचं आहे. घोड्याचं काही येत नाही.

चालेल. तासभर वाळूत चालता आलं पाहिजे आणि ठरल्या दिवशी यायला हवं. पहिले काही आठवडे लीद उचलणं. ज्यांना ते झेपतं ते टिकतात.

तिचं वय झाल्यावर काय?

नीट ठेवलेले घोडे पंचविशी गाठतात, पुढेही जातात. मावशीचे बसण्याचे वर्ग हळूहळू कमी करत खराऱ्याचे वाढवणार. विकणार नाही, कोणाला "दत्तक" देणार नाही. तट्टूला त्यासाठीच तयार करतोय. तो हुशार आहे, पण अजून छत्रीला घाबरतो.

येताना काय घालून यावं?

पूर्ण पायांची सुती पँट. जीन्सची जाड शिवण मांडीला घासते. बंद बूट, स्प्लिंट वापरत असाल तर तेही आणा, ठेवायचे की काढायचे ते ताई ठरवतील. पैंजण, लोंबती ओढणी, उग्र अत्तर नको. डायपर असेल तर वर्गाआधी बदला. गाजरं आणली असतील तर फाटकावरच्या दादांकडे द्या, मुलाच्या खिशात ठेवू नका. मावशी खिसे तपासते.